आत्या गेली म्हणे

रॉटनक्लफ, लँकेशायर
रविवार, ८ जानेवारी १९२८

हेट्टी पोरी,

जाऊन आठवडा झाला, पोचल्याचं पत्र नाही. गाडी रुळावरून घसरली असती तर पेपरात आलं असतं, म्हणजे पोचलीस. दोन ओळी टाकायला शाई किती लागते?

तुझा राखाडी मफलर खुंटीवरच राहिला. धुऊन पाठवते. नाताळात चार दिवस होतीस आणि चारही दिवस तोंड एवढंसं करून बसलीस. धड जेवलीसही नाहीस. शेजारची बर्था एन्टविसल विचारत होती, पोर आजारी आहे का. मी म्हटलं, आजारी नाही, मास्तरीण होतेय. बर्था म्हणाली, मग औषध नाही.

तुझा बाप जाताना मला म्हणाला होता, केझाया, माझ्या पोरीला मागावर उभी करू नकोस. भावाचं मी जन्मात तेवढं एकच ऐकलं. म्हणून सांगते, जूनमध्ये ती बोलायची परीक्षा आहे ना, लंडनहून साहेब येऊन घेतो ती, त्यात नापास होऊ नकोस. बाकी सगळ्यात पहिली आलीस आणि त्या एकात गेलीस तरी सर्टिफिकेट नाही, असं तूच सांगितलं होतंस. सर्टिफिकेट नाही तर इथे गिरणीत चार माग रिकामेच आहेत.

नीट जेव.

आत्या


ट्रेनिंग कॉलेज, वेल्डन, हॅम्पशर
२२ जानेवारी १९२८

प्रिय आत्या,

आपले पत्र व मफलर मिळाला. मी सुखरूप पोहोचले. उशिराबद्दल क्षमस्व.

मी तोंड एवढेसे करून बसले, असे आपण लिहिता. मी बोलत होते. पहिल्याच संध्याकाळी शेगडीपाशी बसून मी आपल्याला कॉलेजची सगळी हकीकत सांगितली. येथे शिकवितात तशा शुद्ध बोलण्यात सांगितली, कारण या वर्षी सुटीतही सराव मोडू नये अशी आमच्या उच्चारांच्या शिक्षिका मिस लँगफर्ड यांची ताकीद होती. आपण एका शब्दाचेही उत्तर दिले नाही. मग म्हणालात, "दूध संपलंय." त्यानंतर मी बोलणे थांबविले.

माझे नवे बोलणे आपल्याला रुचले नाही, हे मी समजले. पण मी काय करू? गिरणीतल्या बायका मागांच्या खडखडाटात आवाज न काढता ओठ ताणून-ताणून बोलतात, तसे माझेही ओठ होतात. येथे येईपर्यंत मला ते ठाऊकच नव्हते. मुली मला 'मासा' म्हणतात. मी जेवताना मीठ मागितले की टेबलावरच्या सहा जणी माशासारखे ओठ करतात. म्हणून आता मी ओठ शक्यतो हलवीत नाही.

आपली नम्र,
हेस्टर


रॉटनक्लफ
रविवार, २९ जानेवारी

हेट्टी,

पत्रात 'आपण' वाचलं आणि मागे वळून पाहिलं, म्हटलं खोलीत आणखी कोण आलं. घरात मी एकटीच आहे. मला 'तू' म्हण.

बोलले नाही, ते दमले होते. दिवसभर चार माग सांभाळून आल्यावर माणसानं पाहुण्यांचं मनोरंजन करायचं का? तुझं बोलणं आवडलं, नावडलं, हा प्रश्नच नाही. पुन्हा तो विषय काढू नकोस.

मासा म्हणतात तर म्हणू दे. त्यांना म्हणावं, आठशे माग चालू असताना खोलीच्या या टोकापासून त्या टोकाच्या बाईला तिच्या नवऱ्याचं लफडं सांगून दाखवा, तोंडातून फुंकरसुद्धा न काढता. एकीला जमायचं नाही.

आमच्या गिरणीचा म्हातारा मालक होता ना, तो अगदी आपल्यासारखाच बोलायचा. लाखाचा धनी, पण बोलणं गल्लीतलं. त्याचा मुलगा दक्षिणेत शाळेला गेला आणि परत आला तो तोंड शिवून. म्हातारा म्हणायचा, फी भरली मी आणि मुलगा गेला त्यांच्याकडे. तू तेवढं करू नकोस. परीक्षेपुरतं शीक आणि मोकळी हो.

आल्याचा केक पाठवते.

आत्या


वेल्डन
४ मार्च १९२८

प्रिय आत्या,

केक मिळाला, आभारी आहे. यापुढे कृपया काही पाठवू नये. पाठविल्यास पाठविणाराचे नाव घालू नये.

ईस्टरला घरी येणे जमणार नाही. मे महिन्यात पालकांचे चहापान असते. त्याचे छापील बोलावणे आपल्याला येणार नाही. गैरसमज नसावा.

मिस लँगफर्ड म्हणतात, माझे उच्चार आता पुष्कळ शुद्ध आहेत, परंतु आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जात नाही. असेच राहिले तर जूनमध्ये परीक्षकांना मी ऐकूच जाणार नाही, आणि मग त्या काही करू शकणार नाहीत. मी प्रयत्न करते. तोंड उघडू गेले की घसा आवळतो.

हेस्टर शोरॉक


रॉटनक्लफ
रविवार, २२ एप्रिल

मिस लँगफर्डबाई,

मी हेट्टी शोरॉकची आत्या. तुमची-माझी ओळख नाही, आणि मला पत्रं लिहायची हौसही नाही. बारा वर्षांची असताना अर्धा दिवस गिरणी आणि अर्धा दिवस शाळा, आणि शाळेच्या अर्ध्या दिवसात झोप. तेवढ्या शिक्षणावर लिहितेय. चुका काढत बसू नका.

पोर ईस्टरला आली नाही. सात आठवड्यांत पत्र नाही. शेवटच्या पत्रात घसा आवळतो म्हणाली. ती कांगावा करणारी नाही, म्हणून मला काळजी लागलीय.

तिला वाटतं, नाताळात मी तिच्या नव्या बोलण्याचा राग धरला आणि अबोला केला. राग नव्हता. मला ऐकू येत नाही. अडतीस वर्षं मागांत काढली, आता चार वर्षं झाली, कान ठार बंद आहेत. हे कुणालाच ठाऊक नाही, कारण आम्ही विणकरणी ओठ वाचतो. हेट्टीचे ओठ तर मला छापलेल्या अक्षरांसारखे वाचता यायचे. नाताळात आली तर पुस्तकच मिटलेलं. किती वेळ बोलत होती, मला एक शब्द लागला नाही. काय बोलतेस असं विचारलं असतं तर बिंग फुटलं असतं. आत्या बहिरी, घरात एकटी, हे कळल्यावर ती सामान बांधून परत येईल. तसलीच आहे ती.

म्हणून हे तिला सांगू नका. एवढंच सांगा, की आत्या रागावलेली नाही. तुमचं ती ऐकेल. घसा त्यानंच मोकळा होईल असं मला वाटतं.

केझाया शोरॉक


ट्रेनिंग कॉलेज, वेल्डन
२७ एप्रिल १९२८

महोदया,

आपल्या पत्राने मी मोठ्या पेचात पडले आहे. हेस्टर शोरॉक हिची आत्या फेब्रुवारीत निवर्तली, असे हेस्टरने स्वतः मला सांगितले. तिला दोन दिवस वर्ग माफ केला होता. महिनाभर ती दंडाला शोकाची काळी फीत बांधून येत होती. तिला दुसरी आत्या नाही, हे प्रवेशाच्या कागदांवरून दिसते.

तेव्हा हे पत्र कोणी लिहिले? एका दुःखी मुलीची ही थट्टा असेल तर ती निर्दय आहे. थट्टा नसेल तर हेस्टर खोटे बोलली, आणि मग मला प्रिन्सिपलबाईंकडे जावे लागेल. सर्टिफिकेटसाठी चारित्र्याचा दाखला लागतो, त्यावर त्यांची सही असते. आपला खुलासा येईपर्यंत मी हेस्टरला काही विचारणार नाही.

आपण खरोखरच तिच्या कोणी असाल तर एक गोष्ट सांगते. मुलींना लाजविणे हा आमचा हेतू नाही. ज्या बोलण्यावरून माणूस कुठल्या परगण्यातला हे ओळखता येत नाही, ते उत्तम बोलणे. तसे बोलणाऱ्या शिक्षिकेला देशातल्या कोणत्याही शाळेत मान मिळतो. तो तिला मिळावा, एवढीच माझी इच्छा आहे.

ऑगस्टा लँगफर्ड


रॉटनक्लफ
रविवार, २९ एप्रिल

हेट्टी,

मी फेब्रुवारीत मेले असं कळलं. गिरणीत कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही, चारही माग चालू आहेत. निदान लोकांना हॅमचं जेवण तरी घालायचं होतंस. आपल्या गल्लीत हॅमशिवाय कुणाला पुरलेलं नाही.

तुझ्या घशाची काळजी वाटली म्हणून मी तुझ्या मिसला पत्र टाकलं. नको तिथं नाक खुपसलं. आता ती विचारतेय, पत्र कुणाचं. मी उत्तर देईपर्यंत ती तुला काही बोलणार नाही, नंतर प्रिन्सिपलकडे जाणार.

काय झालं ते सरळ लिही. 'आपण' नको, 'क्षमस्व' नको. उलट टपाली.

आत्या


वेल्डन
२ मे

आत्या,

तू इथं असतीस तर मला दोन थोबाडीत दिल्या असत्यास, आणि बरं झालं असतं.

फेब्रुवारीत एकदा सरावाला मिसनी मला उतारा वाचायला उभं केलं. तोंड उघडेचना. सगळ्या बघत होत्या. मिसनी मला बाहेर नेलं आणि विचारलं, काय झालं, हेस्टर? इतकं मायेनं विचारलं की मला रडूच फुटलं. काय सांगू? मी अशी बोलते म्हणून माझी आत्या माझ्याशी बोलत नाही, हे सांगू? तोंडातून निघून गेलं, माझी आत्या गेली. निघालं तेव्हा मला ते खोटंसुद्धा वाटलं नाही.

त्या दिवसापासून एकीनंही मासा केला नाही. मीठ मी न मागता पुढं यायला लागलं. रोज ठरवायची, आज सांगते. रोज जेवण व्हायचं आणि राहून जायचं. तुझा केक आला तेव्हा मी म्हटलं, शेजारच्या एन्टविसलबाईंनी पाठवला. सगळ्यांनी खाल्ला आणि म्हणाल्या, किती चांगल्या शेजारीण. मी माझा तुकडा परत डब्यात ठेवला.

आत्या, प्रिन्सिपलबाई खोटं बोलणाऱ्या मुलीला ठेवत नाहीत. गेल्या वर्षी एकीनं आईची सही स्वतःच केली होती, तिला परीक्षेच्या आठवड्यात पेटी देऊन स्टेशनवर पाठवली. परीक्षेला सहा आठवडे राहिलेत. तू लिही ना, की तू धाकटी आत्या आहेस, बरीच वर्षं कॅनडात होतीस. एकच ओळ. तुझ्या पाया पडते. मिस वर्गात आल्या की मी त्यांच्या हातात पाकीट आहे का बघते. वाचलेलं काही डोक्यात शिरत नाही.

हेट्टी


रॉटनक्लफ
शनिवार, ५ मे

हेट्टी,

कॅनडातली धाकटी आत्या. असलं खोटं तीन ठिकाणी उसवतं. कागद बघितले की झालं.

तुझं चुकलं एवढंच, मी बोलत नाही म्हणून मी मेले असं वाटलं, तर आधी मला विचारायचं होतंस. मी का बोलले नाही ते परीक्षा झाल्यावर सांगीन. राग नव्हता, एवढं आत्ता घे.

आता तू गप्प राहायचं. मिसनं बोलावलं, काहीही म्हणाली, तरी नुसतं 'हो' म्हणायचं. रडू आलं तर रडायचं, पण 'हो'च्या पुढं एक अक्षर नाही. बाकी मी बघते. मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर.

आत्या


रॉटनक्लफ
रविवार, ६ मे

मिस लँगफर्डबाई,

पत्र माझंच. मी केझाया शोरॉक, हेट्टीची एकुलती एक आत्या, आणि जिवंत आहे.

हेट्टी खोटं बोललेली नाही. खोटं मी बोलले. नाताळात ती तुमच्यासारखं बोलायला लागली ते मला खपलं नाही. मोठी झाली, आता आम्हाला विसरणार, असं डोक्यात बसलं. अद्दल घडवावी म्हणून फेब्रुवारीत शेजारणीच्या नावानं तिला कळवलं, की तुझी आत्या न्यूमोनियानं गेली, पुरलंही, आता येऊन उपयोग नाही. तिनं खरं मानलं. काळी फीत तिनं खऱ्या दुःखानं बांधली होती.

मग मला पस्तावा झाला, म्हणून तुम्हाला मागचं पत्र लिहिलं, पण त्यात हे कबूल करायला धीर झाला नाही. घसा आवळतो हे तिनं शेजारणीला लिहिलं होतं, ते मी माझ्या नावावर घातलं. आम्ही गिरणीतली माणसं कशी असतो ते तुम्ही ऐकून असालच.

दोष सगळा माझा. पोरीला परीक्षेला बसू द्या.

केझाया शोरॉक


वेल्डन
१० मे

आत्या,

आज चहाच्या आधी मिसनी मला खोलीत बोलावलं आणि दार लावलं. म्हणाल्या, "खाली बस. तुझी आत्या जिवंत आहे." आणि तुझं रविवारचं पत्र माझ्या हातात दिलं.

मी वाचलं. मिस म्हणाल्या, "अशी माणसं असतात हे मला ठाऊक होतं. पण वाढवलेल्या पोरीला इतकं छळावं? तू त्यांचं काही देणं लागत नाहीस, हेस्टर. तू ज्यातून आलीस ते बोलणं तसंच रांगडं आहे आणि माणसंही तशीच. तू त्यातून सुटलीस. आता मागं बघू नकोस."

तू सांगितलेलं मला आठवत होतं. एक 'हो' म्हटलं की सगळं मिटणार होतं. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात त्यांनी पहिलं पत्रही पुढं सरकवलं, म्हणाल्या, "आणि हे बहिरेपणाचं, हेही खरं की असंच?"

मी ते वाचलं, आत्या. कान ठार बंद, ते. पुस्तक मिटलेलं, ते.

मग मी बोलले. आपल्या बोलण्यात, रॉटनक्लफच्या, तोंड सगळं उघडून. ओठ कसे होतायत ते आठवलंही नाही. म्हटलं, हे दुसरं पत्र खोटं आहे. माझ्या आत्यानं जन्मात कागदावर लिहिलेलं हे पहिलं खोटं आहे, आणि ते माझ्यापायी. मेली असं मी म्हटलं, तिनं नाही. ती माझे ओठ वाचून जगत होती आणि मी ओठ बंद करून घरी गेले. तिला काही म्हणू नका, मला म्हणा. खिडकी उघडी होती. खाली माळी वाफे खणत होता, तो खणायचा थांबला.

मिसनी दोन्ही पत्रांची घडी घातली. मग म्हणाल्या, "हे मला प्रिन्सिपलबाईंना सांगावं लागेल."

मी म्हटलं, "हो, मिस." दारापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाल्या, "हेस्टर. आत्ता उघडलंस तसं तोंड उघड, हेच मी दोन वर्षं सांगतेय."

आता प्रिन्सिपलबाई कॉलेजच्या मंडळापुढं ठेवणार. परीक्षेला बसू देतील की पेटी देतील, कुणी सांगत नाही. पेटी मी भरून ठेवलीय.

तू मला का नाही सांगितलंस?

हेट्टी


रॉटनक्लफ
रविवार, १३ मे

हेट्टी,

मूर्ख आहेस. एक 'हो' म्हणायचं होतं. चॅपल चुकवून, रविवारचं बसून मी ते खोटं विणलं, एक धागा सुटू दिला नाही, आणि तू त्याला कात्री लावलीस. त्या बाईनं मला रांगडी म्हटलं तर माझ्या अंगाला भोकं पडणार होती का? गिरणीत मला याहून वाईट म्हणतात, आणि तेही ओठांनी, म्हणजे मला सगळं कळतं.

सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू नाताळातच पेटी घेऊन घरी बसली असतीस. मला दोन डोळे आहेत, पुरतात.

भरलेली पेटी रिकामी कर. आधीच पेटी भरणारं माणूस दोषी दिसतं.

काय ठरलं ते कळव.

आत्या


रॉटनक्लफ
रविवार, २० मे

कळव.

के.


रॉटनक्लफ
रविवार, ३ जून

हेट्टी,

तीन आठवडे झाले. पोस्टमनला मी आता उंबऱ्यातच गाठते. तो मला बघून गल्लीच्या तोंडापासूनच नकाराची मान हलवत येतो, बोलायचे कष्टसुद्धा घेत नाही. बर्था म्हणते, वाईट बातमीला पाय असतात, ती लवकर येते, म्हणजे हे चांगलंच असेल. बर्थाचा नवरा लढाईत खंदकात मेला त्याचं पत्र पाच आठवड्यांनी आलं होतं. तिच्या लक्षात नाही. मी आठवण दिली नाही.

काल मागावर माझ्या चुकीनं सुताचा धोटा उडाला. अडतीस वर्षांत पहिल्यांदा. कुणाला लागला नाही.

एक ओळ लिही. घरी पाठवत असतील तर तसं लिही. मागाचं मी मुकादमाशी बोलून ठेवीन. तुझ्या बापाला वर गेल्यावर काय सांगायचं ते माझं मी बघीन.

आत्या


वेल्डन
१४ जून १९२८

आत्या,

तुझी तिन्ही पत्रं उशाखाली आहेत. मला लिहायला कुणी बंदी केली नव्हती. मंडळ दोनदा बसलं आणि दोनदा काही न ठरवता उठलं, आणि 'अजून ठरलं नाही' एवढंच लिहायला माझा हात उचलेना. तुला किती वाईट वाटत असेल ते कळत होतं, तरी उचलेना.

आता ऐक. परीक्षेला बसू दिलं. आदल्या दिवशी सांगितलं.

मंगळवारी झाली. लंडनचे साहेब हॉलच्या पार टोकाला खुर्ची टाकून बसले होते, डोळे मिटून. मुली दोन्ही भिंतींना ओळीनं उभ्या. मी उतारा उघडला आणि घसा पुन्हा आवळला. मिस माझ्यापासून लांब, खिडकीपाशी होत्या. मला एकदम वाटलं, साहेबांना काय, त्यांना कान आहेत. पण तिथं त्या टोकाला कान नसलेलं माणूस बसलं असतं तर? मग मी त्या माणसासाठी वाचलं. शब्द सगळे इथले, मिसनी शिकवलेले. ओठ आपले. भिंतीपाशी एकीनं मासा केला. मला दिसला. मी वाचत राहिले.

साहेबांनी डोळे उघडले. शेरा मिसनी मला वाचून दाखवला, 'उच्चार निर्दोष नाहीत. शब्दन् शब्द शेवटपर्यंत पोहोचतो. चेहऱ्याची हालचाल प्रमाणाबाहेर. पास.'

पण चारित्र्याच्या दाखल्यावर प्रिन्सिपलबाईंनी सही केली नाही. मिसनी माझ्या बाजूनं सांगून पाहिलं. शेवटी असं ठरलं, की एक वर्ष मी बिनसर्टिफिकेटची म्हणून शिकवायचं. हेडमास्तरांचा शेरा चांगला आला तर पुढच्या जूनमध्ये सही, नाही आला तर कधीच नाही. रॉटनक्लफच्या बोर्डाच्या शाळेत जागा आहे. साठ मुलांचा वर्ग. म्हणजे वर्षभर मी फळ्यावर खडू मोडला तरी कुणीतरी लिहून ठेवणार. मी सुटले की नाही, तेच मला कळत नाही.

येत्या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी निघते.

तुझी,
हेट्टी


रॉटनक्लफ
रविवार, १७ जून

हेट्टी पोरी,

पत्र मिळालं. पोस्टमन या वेळी पळत आला, आणि मग मी फोडेपर्यंत तिथंच उभा राहिला. त्याला 'पास' एवढं सांगितलं, बाकीचं सांगितलं नाही. बर्थानं त्याच्याकडून ऐकलं आणि पास म्हणजे सगळं झालं असं समजून गल्लीभर सांगून आली. सांगू दे. सही बाकी आहे हे आपल्या दोघीत राहू दे.

वर्ष जातं. साठ पोरं म्हणतेस, त्यातली निम्मी विणकरणींची, ती तुझं तोंड बघूनच ऐकतील. हेडमास्तर मला ठाऊक आहे, लहानपणी शेंबडा होता, आता चष्मा आहे. कडक आहे, पण खोटं लिहिणारा नाही. तो तुझ्यावर नजर ठेवील. तू त्याच्याकडे बघू नकोस, पोरांकडे बघ.

एक सांगायचं राहिलं. तू त्या बाईसमोर एवढं ओरडून खरं बोललीस, म्हणून मी पण काल गिरणीत, जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर सांगून टाकलं, मला ऐकू येत नाही. चार वर्षं येत नाही. बर्थानं पावाचा घास संपवला आणि म्हणाली, "अगं, ते आम्हाला चार वर्षं माहीत आहे. चॅपलमध्ये तू स्तोत्र सगळ्यांच्या आधी संपवून खाली बसतेस."

म्हणजे मी ते फक्त तुझ्यापासूनच लपवलं होतं.

तेव्हा आता या घरात लपवालपवी बंद. तुझ्या मागं वर्षभर शेरा आहे, आणि आपल्याला दोघींनाही खोटं धड जमत नाही, ते दिसलंच. सुरुवात मी करते. हे पाच आठवडे मी घाबरले होते. तुझ्या सर्टिफिकेटसाठी नाही. तू पेटी घेऊन भलतीकडेच उतरशील, घरी येणारच नाहीस, असं वाटून घाबरले होते.

याचं उत्तर लिहीत बसू नकोस. ये.

आत्या